झोहराच्या बुटांचं माप

माझं नाव आर्डिस. वय चौऱ्याहत्तर, पण राग अजून पंचविशीतलाच आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते त्या रागानं केलं, आणि तो राग माझाच होता, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

आमच्या चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आम्ही बायका गोधड्या शिवतो. चाळीस वर्षं शिवतोय. जुने पडदे, शर्ट, गावात कुणी गेलं की त्याच्या कपाटातलं काय काय, सगळं कामाला येतं. वर्षातून एकदा त्यांचे गठ्ठे बांधायचे आणि जिथे लोक घरदार सोडून पळालेत तिथे पाठवायचे. लाकडी चौकटीवर गोधडी ताणली की एकीनं लोकरीचा धागा घालत जायचं आणि समोरचीनं तो कापून गाठ मारायची. धागा मी घालायची, गाठ लवॉन मारायची. लवॉनची गाठ वीस वर्षं धुतली तरी सुटत नाही. माझ्या सुटतात, मला मेलीला धीरच नाही.

लवॉन आणि मी पहिलीपासून एका बाकावरच्या. माझा नवरा गेला तेव्हा तीन दिवस माझ्या घरात चूल तिनं सांभाळली. आमच्यात वाकडं एकच होतं, मत. तिचा नवरा ऑर्विल जन्मभर त्यांच्या पक्षासाठी थंडीवाऱ्यात दारोदार फिरला. माझं माहेर अगदी दुसऱ्या टोकाचं, बापाच्या दिवसांपासून शेतकरी-कामगारांच्या पक्षाचं. पूर्वी आम्ही यावर हसायचो. मतदानाच्या दिवशी ती म्हणायची, आर्डिस, तुझं मत माझ्या मताला खातंय, आपण दोघी घरीच कॉफी पीत बसू या की, कशाला बर्फातनं जायचं? आणि मग दोघी तिच्याच गाडीतून जायचो.

ते हसणं गेल्या काही निवडणुकांत आटलं. या वेळी तिनं अंगणात नव्या अध्यक्षांच्या नावाची पाटी लावली आणि निवडून आल्यावरही काढली नाही. मी तिच्या घरावरून जाताना मान फिरवायला लागले.

गावाचीच दोन गावं झाली होती. कॅफेत खिडकीजवळचं टेबल त्यांचं, भिंतीकडचं आमचं. जानेवारीत नवं सरकार आलं आणि कागदांवर सह्यांचा नुसता धडाका सुरू झाला. प्रत्येक सहीला त्या टेबलावर टाळ्या, या टेबलावर कपाळाला हात. परदेशी मालावर जकात लावणार म्हटल्यावर ते म्हणाले, आता कुठे कुणीतरी कणा दाखवला. बदल्यात परदेशांनी सोयाबीन घेणं थांबवलं आणि भाव घसरला तेव्हा आम्ही म्हणालो, भोगा आता. शेजाऱ्यांना म्हणालो हो, ज्यांनी माझ्या दारातला बर्फ उपसलाय त्यांना. परदेशची मदत तोडली तर त्यांचं म्हणणं, आधी आपलं घर बघा. वृद्धाश्रमाचा निधी कापणार अशी बातमी आली तेव्हा ते म्हणाले, फुकट्यांचं कापतील, आपलं नाही. आमची जेनेल म्हणाली, कापू द्याच, त्याशिवाय यांचे डोळे उघडणार नाहीत. आणि त्या वृद्धाश्रमात दोन्ही टेबलांवरच्यांच्या म्हाताऱ्या आया अंथरुणाला खिळून होत्या. जेनेल म्हणजे आमच्या शाळेतली निवृत्त बाई, इथल्या आमच्या पक्षाचं सगळं तीच बघते. तेव्हा मी तिच्या बोलण्यावर मान डोलावली होती, हे आठवलं की लाज वाटते.

आता नकीबचं सांगते. लवॉनचा नातू ट्रेव्हर अफगाणिस्तानात सैन्यात होता. तिथे त्याच्या पायाखाली सुरुंग फुटला. त्यांच्या तुकडीचा दुभाषा, हा नकीब, त्यानं ट्रेव्हरला पाठुंगळीला घेऊन मैलभर आणलं. ट्रेव्हरचा एक पाय गेला, जीव राहिला. पुढे आपलं सैन्य तिथून निघालं आणि नकीब मागे राहिला, तिथले नवे राज्यकर्ते शोधून शोधून मारतात अशांच्या यादीत. बायको आणि दोन पोरं घेऊन तो इस्लामाबादला पळाला आणि चार वर्षं एका खोलीत बसून आमच्या देशाच्या परवानगीची वाट बघत होता. त्याला आपल्या गावात आणायचं हे लवॉननंच काढलं. चर्चमध्ये उभी राहून म्हणाली, माझा नातू ज्यानं परत दिला त्याला मी घर देणार. त्या दिवशी दोन्ही टेबलांनी एकत्र टाळ्या वाजवल्या. शेवटच्याच.

पाद्र्यांचं जुनं घर रिकामं होतं, ते आम्ही घासून पुसून काढलं. ट्रेव्हरनं कृत्रिम पायावर लंगडत घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त केली. चार पलंग, चार गोधड्या. नकीबच्या सात वर्षांच्या झोहरानं कळवलं होतं की तिची पिवळी हवी. पोरांना बर्फात घालायचे बूट लागणार, म्हणून नकीबनं कागदावर दोघांची पावलं ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली, शेजारी फूटपट्टी ठेवली आणि फोटो पाठवला. झोहराच्या रेघेत अंगठा किंचित वाकडा होता, गुदगुल्या झाल्या असणार. मी आणि लवॉन शहरात जाऊन त्या मापाचे बूट घेऊन आलो आणि दाराशी ओळीनं ठेवले. त्यांची चार फेब्रुवारीची विमानाची तिकिटं हातात होती.

जानेवारीतल्या त्या सह्यांमधली एक सही निर्वासितांवर होती. सगळ्यांचं येणं बंद, पुढचा आदेश येईपर्यंत. तिकिटं रद्द झाल्याचं आमच्या चर्चच्या पास्टरबाईंना दोन ओळींत कळवलं गेलं.

पुढच्या मंगळवारी तळघरात सगळ्या जमलो. चौकटीवर झोहराची पिवळी गोधडी अर्धी झालेली. मी धागा घालत होते, लवॉन गाठी मारत होती. जेनेलला काही राहवलं नाही. कॉफी ओतता ओतता तिनं गोड आवाजात विचारलं, "लवॉन, पाटी आहे ना गं अजून अंगणात?" लवॉननं कात्री चालवली, गाठ मारली आणि पुढच्या धाग्याला हात घातला. मला जेनेलचा राग यायला हवा होता. मला बरं वाटलं.

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघी कप धूत होतो. तेव्हा ती हळू आवाजात बोलली. आमच्या खासदारांच्या ऑफिसातल्या माणसाशी तिचं बोलणं झालं होतं. खासदार ऑर्विलच्या मयताला आले होते, त्याचं त्यांच्यावर ऋण होतं म्हणा ना. शुक्रवारी अपवादांची एक यादी वर जाणार होती, आपल्या सैन्याबरोबर काम केलेल्यांची. प्रत्येक खासदाराला चार-पाच नावं घालता येणार होती.

"नकीबचं नाव घालतो म्हणालाय," लवॉन म्हणाली. "पण गवगवा नको. आर्डिस, ते माझे लोक आहेत, मी त्यांना ओळखते. हळूच मागितलं तर देतात. पेपरात मागितलं की हट्टाला पेटतात. शुक्रवारपर्यंत तोंड मिटून बस, एवढंच कर माझ्यासाठी."

मी म्हणाले, "तुझे लोक. तूच निवडून दिलंस त्यांना."

"हो, दिलं. कदाचित पुन्हाही देईन. पण नकीबला आणायचंय मला."

ते "पुन्हाही देईन" माझ्या डोक्यात गेलं. तिथून हलेचना. घरी गेले, भांडी आपटली, जेवण गेलं नाही. सकाळी जेनेलचा फोन आला. म्हणाली, आमच्या साप्ताहिकाचं पान बारा वाजता बंद होतं, तू लिही, तू तिची मैत्रीण, तुझ्या लिहिण्याला वजन येईल. मी यादीचं तिला सांगितलं नाही, तेवढा शब्द पाळला. आणि बसले लिहायला.

आमच्या खासदारांना मी भित्रे म्हटलं. अध्यक्षांच्या सावलीत शेपूट घालून बसलेत असं लिहिलं. नकीबचं नाव लिहिलं, मैलभर पाठुंगळीला आणलं ते लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, "ज्या हातांनी अंगणात पाटी रोवली, तेच हात आज त्या पोरीची गोधडी शिवतायत." लवॉनचं नाव घातलं नाही. सहाशे वस्तीच्या गावात नाव घालायला लागतं का?

अकरा वाजता पाठवलं. पावणेबाराला मन खायला लागलं. संपादक माझ्या ओळखीचा, एक फोन केला असता तर पत्र काढलं असतं त्यानं. फोन उचलला. मग स्वतःलाच सांगितलं, कसली यादी आणि कसलं काय, ते लोक काय करणार आहेत? हे मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर ते शेवटचं वाक्य फार छान जमलं होतं आणि ते छापून यावं असं मला वाटत होतं. फोन खाली ठेवला.

गुरुवारी पेपर आला. भिंतीकडच्या टेबलानं मला उभं राहून टाळ्या दिल्या, माझ्यासाठी केक मागवला. जेनेलनं पत्र कॉम्प्युटरवर चढवलं, कुठल्या कुठल्या शहरातल्या लोकांनी शाबास लिहिलं. खिडकीकडच्या टेबलावरच्यांनी पेपराची घडी घालून उलटी ठेवली. संध्याकाळपर्यंत गावात आणखी सहा अंगणांत अध्यक्षांच्या नावाच्या पाट्या लागल्या. मी खूश होते. एवढी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.

शुक्रवारी दुपारी लवॉनचा फोन आला. आवाज अगदी साधा.

"यादी गेली. चार नावं गेली. नकीबचं नाही." ऑफिसातल्या त्या माणसानं तिला सांगितलं होतं, बाई, ऑर्विलसाठी केलं असतं, पण आता ते नाव विरोधकांच्या हातातली काठी झालंय, ते घातलं तर साहेब घाबरले असं दिसेल.

मी म्हणाले, त्यांनी नाहीतरी घातलं नसतं, लवॉन. शब्द फिरवणारीच माणसं ती.

"असेल," ती म्हणाली. "नसतंही घातलं. आता ते आपल्याला कधीच कळणार नाही."

फोन तिनं आपटला नाही, नीट ठेवला.

ती पुन्हा तळघरात आली नाही. वीस मैलांवरच्या दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागली. पिवळ्या गोधडीच्या उरलेल्या गाठी मी मारल्या, एका धुण्यात निम्म्या सुटल्या. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरा बायकोपोरं घेऊन एका खोलीत बसला होता. ट्रेव्हर एकदा दुकानात समोर आला. त्यानं मला वाट दिली, दार धरलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही. कॅफेत मात्र सगळं तसंच चालू आहे. सरकार रोज काहीतरी करतं, एक टेबल हसतं, एक टेबल चिडतं. वृद्धाश्रमाचा एक मजला बंद झाला तेव्हा दोन्ही टेबलं तावातावानं भांडली, आणि आपापल्या आयांना चाळीस मैलांवर सोडून आली.

ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आठवड्यात, मला नकीबचा निरोप आला. माझं पत्र कुणीतरी त्याला पाठवलं होतं.

"आर्डिस खाला," म्हणजे मावशी, त्यानं लिहिलं होतं, "तुमचं पत्र इथल्या आमच्यासारख्या सगळ्यांनी वाचलं. मुलांना मी आमच्या भाषेत वाचून दाखवलं. आमच्या बाजूनं एवढं कुणी लिहिलं नव्हतं. व्हिसा संपला, पोलीस घराघरांतून लोकांना सीमेपलीकडे टाकतायत, म्हणून आम्ही बाहेर पडत नाही. अजून एक पत्र लिहाल का, याहून कडक? लवॉन खालांना सलाम. त्यांनी बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, तब्येत बरी आहे ना? मुलांचे पाय वाढले, नवं माप पाठवतो."

खाली फोटो होता. कागद, फूटपट्टी, पेन्सिलीची रेघ.

मी तो छापून घेतला आणि पाद्र्यांच्या जुन्या घरी गेले. झोहराचा बूट उचलून कागदावर ठेवला. पाऊल टाचेकडून बोटभर बाहेर येत होतं. तिच्या धाकट्या भावाचं, इद्रिसचं, त्याहून जास्त, तो पाच वर्षांचा झालाय. तिथून मी तडक लवॉनकडे गेले. आठ महिन्यांनी तिच्या दारात उभी राहिले. पाटी होती, उन्हानं विटलेली. लवॉननं दार उघडलं, मला आत ये म्हणाली नाही. मी निरोप पुढे केला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, मग पावलांच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"त्याला खरं सांग," ती म्हणाली.

"तूच सांग ना, लवॉन. तुझं ऐकेल तो."

"वाक्यं तुला चांगली जमतात," ती म्हणाली, कागद माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस मी फोन समोर ठेवून बसले. लिहायचं आणि खोडायचं. तुझं नाव यादीत होतं आणि माझ्यामुळे गेलं, हे लिहायला एक ओळ लागते. ती ओळ मला आली नाही. चौथ्या दिवशी मी एकटी शहरात गेले आणि नव्या मापाचे बूट घेऊन आले, झोहराचे लाल, इद्रिसचे निळे. जुने उचलून नवे दाराशी ठेवले, फोटो काढला आणि नकीबला पाठवला. खाली लिहिलं, "बूट आणले." तेवढंच.

त्याचं उत्तर लगेच आलं. झोहराला लाल रंग फार आवडला म्हणे, आणि खूप खूप आभार.