डावा गुडघा

यार्डात बॅटरीवरचा ट्रक आला, तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत; यार्डातल्या निम्म्या ड्रायव्हरांना त्यांनीच स्टिअरिंग धरायला शिकवलं, म्हणून पडलेलं नाव. "ही गाडी आहे की शिलाई मशीन?" असं म्हणत त्यांनी चाकाला लाथ मारली. लाथ उजव्या पायाची होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डाव्यानं मारणं शक्यच नव्हतं. उभा जन्म क्लच दाबून तो गुडघा कामातून गेला होता. घाटात गाड्यांची रांग लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"मालकीणबाईंना सांगा ना एकदा," ती म्हणायची.

"सांगतो की. मग बसवतील गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायला."

यावर ती गुडघ्याला तेल चोळायची. गाडी सुटली तर हा माणूस घरात कसा जगेल, याची धास्ती तिलाही होतीच.

मालकीणबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. "पूर्ण माल भरून घाटावरून एक फेरी करा. तुम्ही नको म्हणालात तर गाडी परत पाठवते."

"अर्ध्या घाटात मान टाकेल ती," पैलवान म्हणाला. हा मास्तरांचाच चेला, अंगानं आडदांड आणि जिभेनं त्याहून. "मग क्रेन बोलवा आणि वरात काढा!"

मास्तरांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. खाली दोनच पेडल होती.

"मी नेतो," ते म्हणाले. "फिटू दे एकदा सगळ्यांची हौस."

फाटकातच त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि रिकाम्या जागी आपटला. कळ थेट डोक्यात गेली. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि पाय आखडून घेतला. पुढे त्या पायाला कुणी काही कामच सांगेना.

घाट लागला तसा पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा भराभर उतरू लागला. इथं अडकलो तर पैलवान जन्मभर पाणउतारा करेल, ते एक वेळ सोसू; पण ही गाडी गेली की पुन्हा तोच क्लच, आणि मग स्टिअरिंगवर फार दिवस नाहीत. "चल गं बाई," मास्तर चक्क गाडीची मनधरणी करू लागले. माथा आला तेव्हा आकडा पार तळाला टेकला होता. उतारावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला, तर गाडीनं स्वतःला आवरलं आणि आकडा पुन्हा वर सरकू लागला. आजवर उतारानं त्यांचे ब्रेक जाळले होते. ही बया उतारावर कमावत होती! त्यांचा जीव भांड्यात पडला. मुक्कामी चार्जिंगला मात्र ताटकळत बसावं लागलं, तेव्हा त्यांनी तिच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली.

परतल्यावर सगळे भोवती जमले. "कुठं मान टाकली तिनं, मास्तर?" पैलवाननं विचारलं.

"गाडी बरी आहे, पण आपल्या कामाची नाही" असं म्हणून इज्जत राखता आली असती. मास्तरांनी मालकीणबाईंकडे पाहिलं.

"बाई, माझा डावा गुडघा गेलाय. कधीचाच. लपवत होतो. ही गाडी असेल तर मी अजून चालवू शकतो. चार्जिंगला वेळ खाते, ते बघा काहीतरी. पण परत पाठवू नका."

कुणी हसलं नाही. "मग उद्यापासून ही तुमच्याकडेच," मालकीणबाई म्हणाल्या.

"माझाही गेलाय," मागून कुणीतरी पुटपुटलं. "मला तर जिना उतरवत नाही," दुसरा म्हणाला.

पैलवान पुढे आला. "मास्तर, जरा बसून बघू?"

"बस की. डाव्या पायाला सुट्टी दे."

पैलवान दांडा धरून वर चढला, सीटवर टेकला, आणि मग दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलून त्यानं आत घेतला.