पायाशी ओल

"काका, पुन्हा एकदा सांगा. पाणी कमी कधी होतं? उभी असताना की पळवल्यावर?" मेकॅनिकनं बॉनेटखालून डोकं न काढताच विचारलं.

"पळवल्यावर. चढ नाही, काही नाही, साध्या रस्त्यालाही काटा लाल पट्ट्यात. घरी येऊन बघावं तर पाणी निम्मं गायब. आणि गाडीखाली टिपूस नाही!"

निरीक्षकांनी 'टिपूस' जरा ठासून म्हटलं. उभा जन्म त्यांनी गळत्याच शोधल्या होत्या. पाणीपुरवठा खात्यात ते गळती निरीक्षक होते. पहाटे वर्दळ सुरू व्हायच्या आत लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत. गाडीही त्यांच्यासारखीच, जुनी पण नीटनेटकी. ती तापायला लागल्यापासून त्यांनी दोन गॅरेजं पालथी घातली होती. एकानं रेडिएटर धुऊन दिला, दुसऱ्यानं थर्मोस्टॅट बदलला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मेकॅनिकनं तेलाची पट्टी काढून फडक्यावर पुसली. "तेल दुधाळ झालेलं नाही. म्हणजे इंजिनात पाणी शिरत नाहीये. जीव शाबूत आहे हिचा."

मग त्यानं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवून दाब भरला. पंपावरचा काटा थोडा वेळ थांबला आणि हळूहळू उतरायला लागला. तो टॉर्च घेऊन एकेक पाइप चाचपत गेला. सगळे कोरडे ठणठणीत.

"गळतंय नक्की," तो म्हणाला. "बाहेर नाही, म्हणजे आत. हीटर लावता का हो?"

"लावतो की. बायकोला थंडी सोसत नाही."

निरीक्षक सवयीनं बोलून गेले. हा सगळा हिवाळा ती गाडीत बसलीच नव्हती, हे त्यांना नंतर आठवलं.

"काचेवर आतून चिकट धुकं धरतं?"

"धरतं."

"गोडसर वास येतो?"

निरीक्षकांनी मान डोलावली. "अहो, गाडीत साखर करपल्यासारखा वास येतोय," असं ती गेल्या हिवाळ्यात म्हणाली होती. "तुझ्या डोक्याच्या तेलाचा असेल," असं त्यांनी वर सांगितलं होतं.

मेकॅनिकनं शेजारच्या सीटचं दार उघडलं. गुडघ्यावर बसून पायाशी असलेली रबरी चटई ओढून काढली. खाली चौघडी केलेला जुना टॉवेल होता, हिरवट पाण्यानं चिंब, चिकट. सीटखाली सारलेला आणखी एक, कधीचा तरी, वाळून कडक झालेला.

"ही बघा तुमची गळती. इथे आत हीटरची छोटी जाळी असते, इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती फुटलीय. पाण्यात कूलंट असतं, त्याचाच तो गोड वास. पाणी सगळं या गालिच्यात." त्यानं टॉवेल पिळून दाखवला. "पण काका, इथे बसणाऱ्याला हे कधीच कळलं असणार. पाय ओले होतात ना त्याचे. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मेकॅनिकनं निरीक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो पाने शोधायला आत गेला.

ते बाकड्यावर बसून राहिले. दर बुधवारी ते तिला तिच्या थोरल्या बहिणीकडे सोडायचे. बहीण अंथरुणाला खिळलेली. त्या बुधवारी मागच्या सीटवर शेजारचं जोडपं होतं. ती हळूच म्हणाली, "अहो, माझ्या पायाशी पुन्हा ओलं झालंय." आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बाटली उपडी केली असशील. जन्मभर पाण्याच्या गळत्या शोधल्या मी, आता घरातलीही शोधू का?" शेजारी खो खो हसले. तीही थोडी हसली. मग बूट काढून पाय वर घेऊन बसली ती बहिणीच्या दारापर्यंत. पुढच्या बुधवारी म्हणाली, "मी बसनं जाते. मला बरं पडतं." रुसली असेल, येईल ताळ्यावर, असं त्यांना वाटलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली. दोन बस बदलून ती जात राहिली, आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही.

जुनी जाळी काढून नवी बसवेपर्यंत दुपार झाली. बुधवारच होता. निरीक्षक घरी पोचले तेव्हा ती दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होती. बाजूला बहिणीच्या डब्याची पिशवी.

"गाडी झाली," ते म्हणाले. "हीटर गळत होता. तुझ्या बाजूला."

"बरं झालं, सापडलं एकदाचं."

"टॉवेल तू ठेवले होतेस?"

"हो. पत्रा गंजला असता. तुमचा जीव आहे ना गाडीत."

"मला पुन्हा सांगायचंस ना."

तिचा नाडी बांधणारा हात थांबला. "दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला जीभ रेटेना." दूध उतू गेलं म्हणावं, तितक्या साध्या आवाजात तिनं हे सांगितलं आणि गाठ मारली.

"माझं चुकलं," निरीक्षक म्हणाले. "चल, आज मी सोडतो. सगळं कोरडं करून घेतलंय."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. दुखवायचं नव्हतं तिला, ते दिसत होतं.

"आज राहू दे. त्या नर्सबाई असतात बसमध्ये. आधीच्या थांब्यावर चढतात, माझी जागा धरून ठेवतात. मी दिसले नाही तर काळजी करतील."

"कोण नर्सबाई?"

"आहेत एक. तुम्हाला माहीत नाहीत."

त्यांनी पिशवी उचलली. ती नको म्हणाली नाही. दोघं थांब्यापर्यंत चालत गेले. वाटेत काय बोलावं ते निरीक्षकांना सुचेना, आणि तिला बोलायची गरज वाटत नव्हती. बस आली. तिनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली, "भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या," म्हणाली आणि कठड्याला धरून चढली.

आत खिडकीशी बसलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाईनं शेजारच्या सीटवरची पर्स उचलली. निरीक्षकांची बायको नीट टेकायच्या आधीच बोलायला लागली होती.

"काका, चढताय ना?" कंडक्टरनं दारातून विचारलं.

"नाही," निरीक्षक म्हणाले. "सोडायला आलो होतो."

घंटी वाजली. काचेआड ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि नर्सबाई तिच्याकडे पूर्ण वळून बसल्या होत्या.