शेवटच्या पानावरचे अकरा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझा मालक गिबी, त्याची धाकटी बहीण सिनी ज्या हिवाळ्यात लग्न होऊन पलीकडच्या बेटावर गेली, त्या १८७८ च्या हिवाळ्यात माझा जन्म झाला. गिबीच्या मुलीने, ओस्लाने, दुकानातल्या पुड्यांचे कागद कापून मला गळाच्या दोऱ्याने शिवले आणि वर जुन्या शिडाचे कापड चढवले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या शेटलंड बेटांवर घरांत सगळ्यालाच मासळीच्या तेलाचा वास असतो. मलाही तो लागला.

ओस्लाला क्षय झाला होता. शाळेच्या बाईंनी गाव सोडताना तिला एक जाड कादंबरी दिली होती. ती अर्धी वाचून झाली आणि ताप चढला. अक्षरे डोळ्यांपुढे ठरेनात. आई केव्हाच गेलेली. गिबी पन्नाशीचा कोळी, त्याला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. तो म्हणाला, "मला शिकव. उरलेली मी वाचून दाखवतो."

"बाबा, त्यातले शब्द फार अवघड आहेत हो."

"मग समुद्र काय सोपा आहे?"

हिवाळाभर तो शिकला. अडलेला शब्द तो माझ्या डाव्या बाजूला उतरवी. ओस्ला अर्थ सांगे, आणि तो उजवीकडे आपल्या परीने लिही. 'औदार्य'पुढे त्याने लिहिले: शेजाऱ्याचा दोर तुटला तर आपले अर्धे मासे देणे आणि पुन्हा ते न बोलणे. ओस्ला हसता हसता खोकू लागे. इतके प्रेम कुठल्या वहीला मिळाले असेल?

मे महिन्यात नावा निघाल्या. गिबी आता फक्त शनिवारी घरी येई. आठवडाभर मी त्याच्या कोटाच्या खिशात असे.

"काय रे पंडिता," नावेचा तांडेल मॅग्नी म्हणे, "मासे आता शब्दांना लागतात का?"

"तुझ्या गळाला तरी कुठे लागतात?" गिबी म्हणे, आणि सहाही जण हसत.

पण मॅग्नीची नाव एका बाबतीत कडक होती. चर्च, पाद्री, मांजर हे शब्द अपशकुनी मानत, म्हणून समुद्रावर ते कोणी उच्चारत नसे. शेजारची नाव बुडाल्यापासून या सहा जणांनी शपथच घेतली होती. हंगाम संपून नाव किनाऱ्यावर ओढेपर्यंत ते शब्द घरीसुद्धा जिभेवर आणायचे नाहीत. रविवारी ते चर्चमध्ये जात, पण तो शब्द न उच्चारता.

जुलैच्या पहिल्या शनिवारी कादंबरीचे एकच प्रकरण उरले. गिबीने ते आधी मनातल्या मनात चाळले. सगळे प्रकरण चर्चमध्ये घडत होते. त्याने त्यातले अकरा अवघड शब्द माझ्या शेवटच्या पानावर उतरवले आणि पुस्तक मिटले.

"वाचा ना, बाबा."

"नाव वर ओढली की वाचतो, पोरी. पाच घरचे लोक आहेत माझ्यासोबत."

"गोष्टीतल्या त्या मुलीचं काय होतं, तेवढं तरी सांगा."

"तेही त्याच शब्दांत आहे गं."

"बरं, मग अर्थ तरी मी सांगून ठेवते. लिहून घ्या."

"नको. तुझ्याही जिभेवर नको."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढच्या शनिवारीही तिने विचारले. त्याच्या पुढच्या शनिवारी तो आला, तेव्हा विचारायला ती नव्हती.

ऑगस्टमध्ये नाव वर ओढली. सहाही जण सुखरूप होते. गिबीने रिकाम्या खाटेशी बसून शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचले. प्रत्येक अडल्या शब्दाशी तो थांबे आणि खाटेकडे बघे. कादंबरीतल्या मुलीचे पुढे काय झाले, ते त्यालाही नीट कळले नाही. माझ्या शेवटच्या पानाची उजवी बाजू कोरीच राहिली.

आता ओलीने माझी पाने चिकटली आहेत. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. कोणी वाचून दाखव म्हणाले, तर त्याच दिवशी वाचा.

ओस्ला १७ जुलै १८७९ रोजी, गुरुवारी, वारली. ती एकोणीस वर्षांची होती. गिबी १८९४ च्या मार्चमध्ये वारला.