गरीबसा मासा

दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा आवळून "मूठ मिटा, आता मोकळी सोडा" म्हणायचं, आणि संध्याकाळी स्वतःची मूठ उघडायचंही त्राण उरायचं नाही, अशी तिची नोकरी होती. रुग्णालयात रक्त काढणाऱ्या ताई म्हणून सगळे तिला ओळखत. हात मोठा हलका. सुई टोचली कधी नि निघाली कधी, ते समोरच्याला कळायचंही नाही. म्हातारी माणसं हटकून तिच्याच खिडकीची रांग धरायची आणि उठताना तोंडभरून आशीर्वाद द्यायची. ती ते डोळे मिटून घ्यायची. देवाघरचंच ते, नाही कसं म्हणावं? पण आशीर्वाद काही पोटऱ्या दाबून देत नाहीत.

त्या संध्याकाळी ती घराकडं न जाता माशांच्या दुकानाकडं वळली. पिशवीत औषधाच्या धुतलेल्या बाटलीत सासऱ्यांच्या टाकीतलं पाणी होतं, आणि डोक्यात दोन निरोप होते. पहिला सकाळचा, सासऱ्यांचा. "सूनबाई, कोतवालाला सोबत आण. पण गरीब बघून आण हं, दांडगा नको." दुसरा दुपारचा, वृद्धाश्रमातल्या बाईंचा. "तुमच्या आईंसाठी खोली रिकामी झाली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा. मागं रांग आहे."

सासऱ्यांचा जन्म जहाजाच्या इंजिनाला तेल पाजण्यात गेला होता. समुद्र सुटला, पण खारं पाणी काही सुटलं नाही. खिडकीशी त्यांनी काचेची टाकी मांडली. दोन बादल्या पाणी मावेल एवढीच, पण आत दगडांची रास, खाली पांढरी वाळू, आणि त्या सगळ्यावर राज्य करणारा बोटाएवढा निळा मासा. त्याचं नाव कोतवाल. मुलगाही बापाच्याच वाटेनं जहाजावर गेला. वर्षातले बरेचसे महिने घरात सासरे, सून आणि कोतवाल, एवढंच बिऱ्हाड.

मग तिची आई न्हाणीघरात घसरून पडली. भावाच्या घरात जागा होती, मनात नव्हती. म्हणून लेकीनं आईला दोन खोल्यांच्या या घरात आणलं, आणि व्याही-विहीण एका छपराखाली आले. आता पुढचं काय सांगावं? पंखा चालला की विहीणबाईंचे सांधे धरायचे, बंद केला की व्याह्यांचा जीव घुसमटायचा. त्यांना बातम्या, हिला भजनं. खिडकीपाशी खुर्ची एकच, आणि ती आईच्या मोडक्या खुब्याला दिलेली. ती दिली तेव्हापासून सासरे टाकीची काच पुसायला आले की, "जरा सरकता का, विहीणबाई," असं म्हणायचे, आणि आई म्हणायची, "सरकायला पाय असते तर इथं कशाला आले असते?"

शेवटी आईनंच लेकीच्या नकळत वृद्धाश्रमात नाव घातलं. "तुझ्या जिवाला घोर नको," म्हणाली. लेकीला ते ऐकून रडू यायला हवं होतं. आली ती जांभई. त्याची शरम तिला अजून पुरत होती.

दुकानात पंपांची घरघर आणि बुडबुड्यांची बडबड. दुकानदार पोटानं मोठा, मनानं त्याहून मोठा, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्यानं बाटलीतल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन उजेडाकडं धरला.

"मीठ वाढलंय, ताई. पाणी उडून जातं, मीठ मागंच राहतं. रोज थोडं गोडं पाणी घालायला सांगा."

घरातून उडून गेलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढं आली. नवरा, भाऊ. मागं कोण उरलं, ते काय काचेवर घालून बघायला हवं?

"बरं, टाकीत आधी कोण कोण आहे?" दुकानदारानं विचारलं.

"सासरे आणि आई."

"माशांमधलं विचारतोय मी."

"अगं बाई!" ती कपाळावर हात मारून हसली. "एकच आहे. निळा. मागं एक पिवळा आणला होता, तो गेला."

"लहान घर, जुना मालक. अवघड सोयरीक आहे," दुकानदार म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन खांद्याशी दाबून तो कुणाशी तरी पंपाच्या पट्ट्यावरून हुज्जत घालू लागला. ती उभी राहिली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. शेवटी राहवेना, तशी म्हणाली, "मला आपला गरीबसा द्या हो एखादा."

इथंच घात झाला. एका कानात फोन, दुसऱ्यात पंप. त्या भल्या माणसाला ऐकू आलं, "गरिबाला द्या हो एखादा." त्यानं तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं, झिजलेल्या चपलांकडं पाहिलं, आणि त्याला गलबलून आलं. जाळी घेऊन त्यानं कोपऱ्यातल्या टाकीतून नखाएवढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा पिशवीत धरला.

"हा न्या. गरिबाला याच्यासारखा दुसरा नाही," तो फोनवर हात ठेवून म्हणाला.

तिनं ऐकलं, "गरीब याच्यासारखा दुसरा नाही." पिशवीतला मासाही अगदी अंग चोरून, खाली मान घालून बसला होता. तिला त्याची दया आली. नावही विचारलं नाही तिनं.

घरी पंख्यावरून चाललं होतं.

"आली का सूनबाई! दाखव बघू," सासरे चष्मा शोधत आले. त्यांनी पिशवी दिव्यापाशी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा?"

"गरीबच मागितला मी, बाबा."

"अगं, हा गरीब? हा तर कोतवालाचा चुलतभाऊ! आज नखाएवढा आहे म्हणून मान खाली घालून बसलाय. चार दिवस पोटभर खाऊ दे, मग बघ. हे मरत नाहीत लवकर म्हणून स्वस्तात मिळतात. काटक, खादाड आणि भांडखोर!"

स्वस्त म्हणताच तिला दुकानदाराचं ते गलबललेलं तोंड आठवलं, आपल्या झिजलेल्या चपला आठवल्या, आणि एकदम सगळा उलगडा झाला. गरीबसा. गरिबाला. तिला हसू येऊ लागलं, आणि ते कुठल्या क्षणी रडण्याकडं वळेल याचा भरवसा वाटेना, म्हणून ती तोंड धुवायला गेली.

दुकान तर आता बंद होणार. सासऱ्यांनी स्वयंपाकघरातून भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी उचलली, टाकीत अर्धी बुडवून काठाला चिमट्यांनी अडकवली आणि पट्टेवाल्याला तीत सोडलं. कोतवाल तीरासारखा आला आणि चाळणीला बाहेरून धडका देऊ लागला.

"माझी चाळणी!" आई खुर्चीतून ओरडली.

"पाहुणा आहे, विहीणबाई. आजची रात्र."

"पाहुण्यांचे हाल या घरात कसे होतात, ते मला ठाऊक आहे."

स्वयंपाकघरात तिनं दोघांची ताटं वाढून बाहेर नेऊन दिली आणि आपलं ताट घेऊन ओट्याशी उभी राहिली. बाहेरचं बोलणं घासागणिक कानावर येत होतं. तिनं ते कान न देता ऐकायची सवय करून घेतली होती.

"मी स्पष्ट गरीब म्हणालो होतो," सासरे म्हणत होते.

"आणि गरीब आणून काय दिवे लावणार होता? मागचा पिवळा गरीबच होता ना?"

"त्याला कोतवालानं मारलं. मी काय करू?"

"मारलं?" आईचा आवाज चढला, मग एकाएकी खाली आला. "मारलं नाही हो त्यानं. मी दिवसभर इथंच बसते. टीव्हीवर तुमची सत्ता, मी दुसरं काय बघणार? तुमचा कोतवाल त्याला बोटही लावायचा नाही. नुसता बघायचा. एका अंगाला हा बघतोय, दुसऱ्या अंगाला पंपाचा झोत. मधे तो पिवळा दगडामागं उभा. दाणे पडले तरी पुढं यायचा नाही. उरलंसुरलं, वाहत आलेलं, तेवढं उभ्या उभ्या टिपायचा. उपासानं गेला तो, व्याहीबुवा. मारानं नाही."

बाहेर एकदम शांतता झाली. पंपाची घरघर तेवढी राहिली.

शांततेची तिला सवय नव्हती. काय झालं म्हणून तिनं मान मागं वळवून पाहिलं, तर दोघंही तिच्याकडंच बघत होते. तिच्याकडं, तिच्या हातातल्या ताटाकडं. एका अंगाला मोरी, दुसऱ्या अंगाला फडताळ, आणि मधे ती, पाठ दाराकडं करून.

"तू उभ्यानं का जेवतेस, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"सवय आहे."

"आधी नव्हती."

ती काय सांगणार? बाहेरच्या मेजाची एक बाजू भिंतीला, उरलेल्या जागेत एक खुर्ची बाबांच्या अंगाची, एक आईच्या अंगाची. बाबांजवळ बसलं की आईला घास उतरत नाही, आईजवळ बसलं की बाबा मीठ मागायचे थांबतात. ओटा बरा. ओट्याचा रुसवा नसतो.

"बाबा," ती ताट खाली न ठेवताच म्हणाली, "आश्रमातून फोन आला होता. आईसाठी खोली मिळतेय. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"आश्रम? कुणी ठरवलं?"

"मी," आई म्हणाली. "एका म्यानात..." आणि पुढचं बोलायला तिलाही जीव झाला नाही. हातानंच तिनं ते वाक्य पुसून टाकलं.

त्या रात्री पंखा चालू की बंद, हे कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं किती माणसांच्या मुठी मिटवल्या आणि सोडवल्या, देव जाणे. एका आजोबांना तिनं दोनदा तोच दंड पुढं करायला सांगितला. "ताई, आज मन कुठं आहे?" ते म्हणाले. तिनं हात जोडले. वाटेत तिनं फोन तीनदा बाहेर काढला. हो म्हणायला तोंड होईना, आणि नाही म्हणायला अंगात बळ नव्हतं. नाही म्हणजे पुन्हा तोच पंखा, तीच खुर्ची, तोच ओटा. आईला ठेवायचं म्हणजे स्वतः कुठवर उरायचं, याचा हिशेब तिला लागेना. देवा, तूच काय ते बघ, असं म्हणून तिनं जिना धरला.

दार उघडलं तर घरात पसारा. टाकीतले बरेचसे दगड बाहेर, परातीत. पाणी गढुळलेलं. जमिनीवर जुनी चादर, तीवर सासरे उकिडवे. आई खुर्चीत, पण खुर्ची खिडकीपासून हललेली. आणि चाळणीत? चाळणीत पट्टेवाला नव्हता. तिथं खुद्द कोतवाल होता, रागानं काळानिळा पडलेला.

"अहो तो उंच दगड मागं, मागं!" आई हातवारे करत होती. "बीळ पुढं ठेवलंत तर नवा राहील कुठं?"

"सांगतंय कोण! आयुष्यात कधी मासा पाळला आहे का?"

"पाळला नाही, पाहिलाय. तुम्ही पाळला, पाहिला नाहीत."

"बाबा, हे काय?" तिनं चप्पल न काढताच विचारलं.

"दगड हलवतोय. जुन्या मालकाला बाहेर काढायचं, घराची मांडणी मोडायची. मग परत आत गेला की त्याला ओळखीचा कोपरा सापडत नाही, तोही पाहुण्यासारखा वागतो. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं," सासरे तिच्याकडं न बघता म्हणाले. "केलं नाही. पट्टेवाला दुकानात परत दिला. जाऊन आलो मी."

"असले दुखरे गुडघे घेऊन?"

"गुडघे घरी ठेवून कसा जाणार?"

आई हसली. तिला आईचं हसू ओळखू यायलाच वेळ लागला.

टाकीच्या कोपऱ्यात वाळूलगतच्या बिळातून एक तोंड बाहेर आलं होतं. ठिपक्यांचं, मोठ्या डोळ्यांचं, जगाची भीती वाटणारं.

"हा खरा गरीब," सासरे म्हणाले. "याला आधी सोडायचं. त्याला बीळ धरू दे, खायला लागू दे. तो जेवायला लागला, की मग दांडगे आत. उलटं केलं होतं मी."

तिच्या हातात फोन होता. "बाबा, आश्रमाच्या बाईंना..."

"केला फोन. विहीणबाईंनीच लावून दिला."

"लावून दिला, आणि हे बोलले काय, विचार!" आई म्हणाली. "म्हणे, माफ करा, आमच्याकडं जागा रिकामी नाही. त्या बाई बिचाऱ्या म्हणतात, अहो आजोबा, जागा आमच्याकडं आहे, माणूस तुमच्याकडं आहे."

"मग? माणूसही रिकामं नाही म्हटलं की नाही पुढं? दगड कुठं ठेवायचे ते कोण सांगणार?"

ती भिंतीला टेकली. आनंद झाला म्हणावं, तर तेवढंही अंगात शिल्लक नव्हतं. पाय दुखत होते, ते दुखतच होते.

मेज भिंतीपासून ओढून पुढं आणलं होतं. मोकळ्या झालेल्या तिसऱ्या बाजूला न्हाणीघरातलं स्टूल, आणि मेजावर झाकलेलं ताट.

"बस," आई म्हणाली.

ती बसली. ताटावरचं झाकण काढलं, आणि हात तिथंच थांबला. दोघंही तिच्याकडं बघत होते, घास उचलते की नाही म्हणून.

आधी आईच्या ध्यानात आलं. तिनं काठीचं टोक सासऱ्यांच्या पाठीला टेकवलं. "व्याहीबुवा, तोंड तिकडं करा."

"आं?"

"बघत नका राहू. बघण्यानंच होतं ते."

सासरे गर्रकन वळले. आईनंही कण्हत खुर्ची फिरवली. दोघं तिच्याकडं पाठ करून टाकीसमोर बसले आणि पंख्यावरून भांडू लागले, पण हळू आवाजात, कुणी झोपलेलं असावं तसं. गढूळ पाणी खाली बसत होतं. ठिपकेवाला बिळातून बोटभर पुढं आला, एक दाणा टिपून परत मागं गेला.

ती जेवत राहिली. ताट संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपली भूक अजून बाकी आहे.

"आई," ती म्हणाली, "अजून आहे का गं थोडं?"

दोघंही एकदम उठायला गेले.