शरीर कशासाठी

डॉक्टर तुरुंगाच्या दवाखान्यात नोकरीला होते, तेव्हाची गोष्ट. अधीक्षकांनी एका कैद्याला त्यांच्यापुढे आणून उभं केलं. त्याचे पाय इतके सुजले होते की भिंतीचा आधार सुटत नव्हता.

"चौकशीसाठी तंदुरुस्त आहे, एवढी सही करा," अधीक्षक म्हणाले. "वरून हुकूम आहे."

"हुकूम कुठूनही येवो. माणसाचं शरीर जगण्यासाठी घडलंय, छळण्यासाठी नाही. हे कुठल्या सरकारने ठरवलेलं नाही आणि कुठल्या सरकारला बदलताही येणार नाही."

सही झाली नाही. कैदी दवाखान्यातच राहिला आणि वाचला. डॉक्टरांची मात्र नोकरी गेली, राहतं घर गेलं. बायको आधीच वारलेली. लहान मुलीला घेऊन ते धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याकडे आले.

भावाचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो ही हकीकत रंगवून सांगायचा. गिऱ्हाइकाला फक्त जवळचं नीट दिसायला हवं असायचं, पण दादाची गोष्ट संपेपर्यंत सुटका नसे.

मुलगी काकाच्या अंगाखांद्यावर वाढली. ती नोकरीला लागली आणि काही वर्षांत काकाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तिने कुणाला न सांगता तपासण्या करून घेतल्या. तिची किडनी जुळत होती. जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"निरोगी शरीरावर सुरी चालवायची नाही," ते म्हणाले. "अवयव ज्या शरीराचा, त्याच शरीरासाठी असतो. तो काढून देण्याचा हक्क तुलाही नाही."

"तुम्हीच मला रक्त द्यायला नेलं होतंत की."

"रक्त भरून येतं."

"आणि एका किडनीवर माणूस ठणठणीत जगतो, हे मी डॉक्टरला सांगायचं?" तिचा आवाज चढला. "बाबा, निसर्गाने दोन दिल्यात. एक देता यावी म्हणूनच दिल्या असतील तर? अवयव कशासाठी आहे, हे त्याच्यावर लिहून येत नाही. आपणच तसं म्हणतो."

डॉक्टरांचं मत हललं नाही. "एखाद्या मृत दात्याची मिळेल. नाव नोंदवलंय ना? जरा धीर धर."

मुलगी सज्ञान होती, तिला बापाच्या परवानगीची गरज नव्हती. पण काकाच अडून बसला.

"दादाच्या मनाविरुद्ध पोरीचं पोट कापून घेऊ? मला नाही ते लाभायचं," डायलिसिसच्या खुर्चीतून तो म्हणाला. "ज्याने नोकरीवर पाणी सोडलं पण खोटी सही केली नाही, तो उगाच बोलेल का?"

डॉक्टर शेजारीच उभे होते. 'माझं सोड, घे तिची,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते भावाच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.

नंबर लागला नाही. धाकटा गेला.

पुढे एका दुपारी बापलेक दुकान आवरत होते. फ्रेमा कागदात गुंडाळता गुंडाळता मुलीने विचारलं, "बाबा, खरं सांगा. त्या दिवशी तुरुंगात तुम्हाला आधी काय दिसलं? तत्त्व, की त्या माणसाचे पाय?"

"पाय," डॉक्टर म्हणाले.

"मग काकाचा चेहरा का नाही दिसला?"

ते स्टुलावर बसले. तत्त्वच खोटं म्हणावं, तर ते नसतं तर त्या दिवशी आपला हात सहीसाठी पुढे झाला असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हुकुमापुढे उभं राहायचं बळ त्यानेच दिलं होतं. पण त्याचा अर्थ आपण लावला आणि निसर्गच बोलतोय असं समजून बसलो.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली आणि पुढची फ्रेम उचलली.

ती त्यांच्याशी अबोला धरून बसली नाही. पण ताप आला तरी आता ती दुसऱ्या डॉक्टरकडे जायची.

भावजयीने कधी शब्दाने दुखावलं नाही. "भाऊजी, तुमच्या मनात वाईट नव्हतं," ती म्हणायची. तिने एकदा तरी तोंड सोडावं, असं त्यांना वाटे. उलट ती अजूनही प्रत्येक गोष्ट त्यांना विचारायची. दुकान ठेवू का विकू?

"तुला काय वाटतं ते कर," डॉक्टर म्हणायचे. हे वाक्य आता त्यांना सहज जमायचं.