खंडेनवमीला चालू यंत्र

सौमित्रने दोन्ही हात पसरून संगणकाची वाट अडवली.

"काकू, पाया पडतो. आज ह्याला बंद नका करू."

गोदावरीकाकूंच्या तबकात हळद-कुंकू, झेंडूची फुलं. खंडेनवमी ना! विळी, कात्री, शिवणयंत्र सगळं पुसून, पुजून गप्प बसवलेलं. आज घरात चालतं यंत्र नको, हे वाईत कुणाला सांगावं लागत नाही. त्यात हे घर पंचांगकर्त्या गंगाधरकाकांचं.

यंदा काकांचे डोळे गेले. पंचांगाचं गणित पुतण्या सौमित्रच्या संगणकावर, लिनक्स प्रणालीवर आलं आणि या दीडशहाण्यानं ऐन वेळी प्रणालीची नवी आवृत्ती चढवून ते मोडून ठेवलं. आता सगळं मूळ कोडपासून नव्यानं बांधणं चालू होतं. डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुनं पुसलेलं. मध्येच वीज तुटली तर ना जुनं, ना नवं; पुन्हा पहिल्यापासून बांधायला दोन दिवस. उद्या दसऱ्याला पानांची फ्लॉपी पोचली नाही, तर साताऱ्याचा छापखाना दुसरं काम घेणार होता. काकांचं हे शेवटचं पंचांग.

"अगं, राहू दे," पलंगावरून काका म्हणाले. "अडलेल्या बाळंतिणीला कुणी उठवतं का?"

"बरं बाई. नाही लावत हात तुमच्या संगणकाला."

सौमित्र पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात बाहेर खट् झालं. संगणकाची घरघर थांबली.

तो धावत आला. स्क्रीन काळा! काकूंनी शब्द पाळला होता, संगणकाला बोटही लावलं नव्हतं. पण त्याला वीज पुरवणारा टेबलाखालचा यूपीएस पुसून, बटण बंद करून, त्यावर ठसठशीत कुंकू लावलं होतं.

"हा तरी पुजला," त्या हसत म्हणाल्या. "बिचारा वर्षभर राबतो."

सौमित्र पलंगाच्या कडेला बसला. मेलो, एवढंच त्याच्या मनात आलं.

"आवाज थांबला. झालं का रे काम?" काकूंनी विचारलं.

"झालं," काकाच म्हणाले. त्यांनीही ते खट् ऐकलं होतं. "जा, देवापुढे साखर ठेव."

काकू लगबगीनं आत गेल्या. काकांनी चाचपडत सौमित्रचं मनगट धरलं.

"उद्या साताऱ्याला जाऊन ये," ते हळूच म्हणाले. "छापखान्यानंच नाही म्हटलं, असं तिला सांगायचं."