ग्रासाच्या खुर्चीवर चार महिने

दोब्रेव साहेबांनी आधी तिघांना विचारून पाहिलं होतं. एकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, दुसऱ्याला विमानाची भीती वाटायची, आणि तिसरीचा कुत्रा म्हणे तिच्याशिवाय जेवत नसे. नेवेना चौथी. वार्नाच्या मुख्य कचेरीत बावीस वर्षं एकाच खिडकीशी बसून ती जहाजांच्या सुट्या भागांचे जकातीचे कागद करत आली होती. कंपनीची एक लहानशी शाखा पोर्तुगालमध्ये, सेतुबालला होती. तिथली ग्रासा बाळंतपणाच्या रजेवर चालली होती, तिची जागा चार महिने सांभाळायची. नेवेना "जाते" म्हणाली आणि स्वतःच दचकली.

घरी आली तेव्हा नवरा, रांगेल, बटाटे सोलत होता.

"चार महिने? आणि मी काय खाऊ?"

"आत्ता सोलतोयस तेच."

त्याने आणखी एक बटाटा सोलला. मग म्हणाला, "जा गं. पन्नाशी आली, अजून राजधानी सोफियापलीकडे पाऊल टाकलं नाहीस. जा."

सेतुबालची कचेरी बंदराजवळ, दुसऱ्या मजल्यावर होती. साठीला टेकलेला आदेलिनो, डोळ्यांत तेल घालून फायली राखणारी ओतीलिया आणि दोन तरुण कारकून, एवढीच माणसं. बोलणं इंग्रजीतून चाले, आणि ते दोन्ही बाजूंनी सारखंच मोडकं होतं. सगळे नम्र होते. पण ती आत आली की चाललेलं बोलणं तुटायचं. एक वाजला की चौघं उठून जेवायला जायचे, आणि दारातून ओतीलिया म्हणायची, "बाईसाहेब, आम्ही येतोच." चला म्हणून कोणी म्हणत नसे. नेवेना ग्रासाच्या खुर्चीवर बसून पावाला चीज लावून खायची. फोनवर रांगेलला सांगायची, "सगळे छान आहेत." "आणि जेवलीस कोणाबरोबर?" रांगेल विचारायचा, म्हणजे त्याला कळलेलं असायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका जहाजाचा पंप जकात कचेरीत अडकला. जहाज धक्क्याला उभं, कप्तानाचे फोनवर फोन. नेवेनाने कागद पाहिले आणि तिला लगेच दिसलं: मालाचा क्रमांक चुकला होता, दोन आकडे उलटे पडले होते. कागद आदेलिनोच्या हातचे होते. तिने नवा कागद केला, कोट चढवला आणि त्याला म्हणाली, "चला, दोघं जाऊन येऊ."

काम तासाभरात झालं. बाहेर पायऱ्यांवर आदेलिनो थांबला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे तुम्ही अहवालात लिहिणार असाल ना?"

"कसला अहवाल?"

"बाईसाहेब, आम्ही काही लहान मुलं नाही. मुख्य कचेरीतून माणूस येतो तो कशाला? आमच्यातला कोण ठेवायचा, कोण काढायचा, ते बघायला."

नेवेना त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की दारावरचा पहारेकरी वळून पाहू लागला.

"अहो, मला पाठवलं कारण तिघं नाही म्हणाले! एकीला तर कुत्र्याने अडवलं."

"कुत्र्याने?"

"तिच्याशिवाय जेवत नाही तो."

आदेलिनोने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "मग तुम्ही तीन आठवडे रोज एकट्या जेवलात ते... छे, छे, छे. काय माणसं आहोत आम्ही! चला."

त्याने तिला धक्क्यावरच्या एका खानावळीत नेलं आणि तळलेल्या माकुळ माशांचं एवढं मोठं ताट तिच्यापुढे ठेवलं की ते तिघांना पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी एक वाजता ओतीलिया तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "उठा की आता! आमंत्रणपत्रिका छापू का?"

तिथून पुढचे दिवस कसे गेले ते नेवेनाला कळलं नाही. रविवारी ओतीलियाच्या बहिणीकडे जेवायला जाणं झालं. नेवेनाने एकदा आपल्याकडची चीज भरलेली बानित्सा भाजून आणली, ती जरा करपली होती, तरी तरुण कारकुनांनी ताट पुसून खाल्लं.

मे महिन्यात दोब्रेव साहेबांचा फोन आला. आवाज फार गोड होता.

"नेवेना, आता तू तिथली झालीस. जरा मोकळेपणाने सांग, त्या चौघांत कोणाशिवाय चालेल? चार ओळी लिहून पाठव."

 समोर आदेलिनो चष्मा कपाळावर सारून कागद वाचत होता.

"साहेब, मला ग्रासाची खुर्ची सांभाळायला पाठवलंत. ते दुसरं काम करायला दुसरं माणूस पाठवा."

"इथून कोणी यायला तयार नसतं, तुला माहितीये."

"मग बरंच झालं," ती म्हणाली. फोन ठेवून तिने अर्धा राहिलेला कागद पुढे ओढला.

लपवून ठेवणं तिला जमेना. जेवताना तिने चौघांना सगळं सांगितलं. ओतीलियाने काटा खाली ठेवला. मग आदेलिनो म्हणाला, "म्हणजे आमचं चुकलं नव्हतं. फक्त तीन महिने आधी घाबरलो." हसले सगळे, पण ओतीलियाने टेबलाखाली नेवेनाचा हात घट्ट धरला होता.

जूनमध्ये ग्रासा कामावर आली आणि नेवेना वार्नाला परतली. दोब्रेव साहेबांनी तिची खिडकीजवळची जागा काढून तिला मागच्या खोलीत बसवलं, कारण सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. रांगेल म्हणाला, "भांड की त्याच्याशी." ती म्हणाली, "तिथे निदान गारवा असतो."

सेतुबालची शाखा चालू राहिली. ओतीलियाने सप्टेंबरात निवृत्ती घेतली, पण ती स्वतःच्या मर्जीने. निघायच्या आदल्या दिवशी तिने एका फॉर्मबद्दल विचारायला नेवेनाला फोन केला. फॉर्मचं दोन मिनिटांत झालं. बहिणीच्या गुडघ्यांविषयी बोलायला मात्र तासभर लागला.